नान्नजचा माळ पहिल्यांदा पाहायला जाताना

सोलापुरात जन्म काढलेल्या माणसालाही विचारलं, की नान्नजला गेलात का, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "गेलो होतो एकदा, काही नाही तिथं, नुसतं गवत." कधी गेला होता विचारलं तर कळतं, की रविवारी जेवून-खाऊन, दुपारी, चार पोरं आणि गाणी लावलेली गाडी घेऊन. अशा वेळी माळावर खरंच काही दिसत नाही. माळाची वेळ वेगळी, रीत वेगळी आणि बघण्याची नजरही वेगळी. ती कुणी नीट सांगितली नाही, तर पहिली खेप वाया जाते आणि माणूस पुन्हा तिकडं फिरकत नाही. ही पहिली खेप चांगली व्हावी, म्हणून हे लिहितो आहे.

१. आपण कुठं जातो आहोत, ते आधी समजून घ्या

सोलापूरहून बार्शी रस्त्याला लागलं, की साधारण वीस किलोमीटरवर नान्नज. द्राक्षवाल्यांना हे गाव सोनाका जातीमुळं माहीत आहे, पक्षीवाल्यांना माळढोकामुळं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडं लोकांचं आणि सरकारचं लक्ष वेधलं. पुढं १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, पिकाखालची जमीन, सगळं त्यात आलं. शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडकले आणि माळढोक म्हटलं की कपाळाला आठी पडायला लागली. नंतर हे क्षेत्र कमी करून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की तुमच्या डोळ्यांसमोर ताडोबासारखं एकसलग जंगल आणि त्याला एक मोठं गेट असं चित्र असेल, तर ते आत्ताच पुसून टाका. इथं वनखात्याच्या ताब्यातले गवताचे तुकडे आहेत, ज्यांना सगळे प्लॉट म्हणतात. नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी, वडाळा अशा गावांच्या आसपास ते विखुरलेले आहेत. मधे ज्वारी, तूर, द्राक्षबागा, गायरान आणि मेंढरांच्या वाटा. काळवीट या सगळ्यातून मोकळा फिरतो. तुम्हाला तसं फिरता येणार नाही. कुठला बांध खासगी आणि कुठली जागा वनखात्याची, हे विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आता ज्या प्रश्नानं प्रत्येक नवखा सुरुवात करतो, तो प्रश्न. माळढोक दिसेल का? स्पष्टच सांगतो, ती आशा ठेवून जाऊ नका. देशभरात जंगलात उरलेले माळढोक दीडशेच्या आत आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. मीटरभर उंचीचा, नर असेल तर बारा-पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी; मादी एका वेळी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला गेला, भटकी कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर चटकन वळवता येत नाही, त्यामुळं उडताना तो तारेवर आदळतो. एकेकाळी ज्या माळावर तो हमखास दिसायचा, तिथं आता त्याचं दर्शन अगदी दुर्मिळ झालं आहे. याचं दुःख होतंच. पण ज्या गवतानं माळढोकाला सांभाळलं, ते गवत अजून आहे आणि त्यावर जगणारं बाकीचं गणगोतही आहे. त्याला भेटायला जा.

२. ऋतू ठरवा

पहिल्यांदा जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गवत सोनेरी झालेलं असतं, ऊन सोसतं आणि मध्य आशियातून आलेले भोवत्ये, म्हणजे गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे शिकारी पक्षी, मुक्कामाला असतात.

मार्च ते मे हा काळ कष्टाचा, पण माळाची खरी ओळख तेव्हाच होते. गवत विरळ झालेलं असतं, त्यामुळं धाविक, पखुर्डी, चंडोल हे जमिनीवरचे पक्षी उघड्यावर दिसतात. पारा चाळिशीच्या वर जातो. सकाळी नऊच्या आत आवरून बाहेर पडायची तयारी असेल तरच जा.

पावसाळ्यात माळ हिरवागार असतो आणि नेमका तोच बऱ्याच पक्ष्यांच्या विणीचा काळ. माळढोकाचा हंगामही तोच, क्वचित येणाऱ्या तणमोराचाही. त्यामुळं आतल्या भागात फिरण्याचा आग्रह या दिवसांत धरू नये, आणि वनखातं नाही म्हणालं तर हुज्जत घालू नये.

३. परवानगी आणि कागदपत्रं

अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ आणि २८ मध्ये ते स्पष्ट आहे. पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास यांसाठी परवाना मिळतो. नान्नजच्या वनखात्याच्या चौकीवर नोंद करा, शुल्क भरा, पावती घ्या. शुल्क वेळोवेळी बदलतं, कॅमेऱ्याचं वेगळं असू शकतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. सोबत ठेवा:

- आधार किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र, प्रत्येकाचं
- गाडीची कागदपत्रं
- सुट्टे पैसे, कारण माळावर रेंज दगा देते आणि यूपीआय अडकतं
- शाळा-कॉलेजचा गट असेल तर संस्थेचं पत्र आणि मुलांच्या नावांची यादी
- अभ्यासाचं काम असेल तर आधीच मिळवलेली लेखी परवानगी. ती ऐन वेळी चौकीवर मिळत नाही

चौकीवरच्या वनरक्षकांना किंवा वनमजुरांना सोबत येता येईल का, ते आवर्जून विचारा. ही माणसं रोज त्याच माळावर असतात. कालचा कळप कुठं होता, पाणवठ्यावर काय आलं, कुठल्या बाजूला अजिबात जायचं नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांच्याशी चार शब्द नीट बोला, चहा सोबत प्या. अर्ध्या तासात जेवढं कळेल, तेवढं मोबाइलवर महिनाभर शोधून कळणार नाही.

४. पिशवीत काय घ्यायचं

दुर्बीण हवीच. माळावर सगळं लांबून बघायचं असतं. ८×४२ ची दुर्बीण नवख्याला पुरते. उसनी मिळाली तर आधी उसनीच घ्या. कॅमेरा नसला तरी काही बिघडत नाही. उलट पहिल्या खेपेला तो नसलेलाच चांगला, कारण फोटोच्या नादात माणूस पुढं पुढं सरकत राहतो.

कपडे मातकट, खाकी, वाळलेल्या गवताच्या रंगाचे. पांढरा शर्ट माळावर अर्ध्या मैलावरून उठून दिसतो. टोपी, पाणी (उन्हाळ्यात माणशी तीन लिटर), छोटी वही, पेन्सिल. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. हे सोलापूरकरांना सांगायला नको, पण सांगतो, कारण वेफर्सची पाकिटं कुरकुरतात, वाऱ्यानं उडतात आणि बाभळीला अडकून राहतात.

बूट आणि मोजे याबद्दल जरा सविस्तर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी गवत पिकतं. त्याचं एक बी हातावर घेऊन बघा. टोकाला सुईसारखी अणी, अणीवर मागं वळलेली बारीक लव आणि मागं लांब, पिळा पडलेली काळपट शेपटी. त्यावर पाण्याचा थेंब टाका; शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरायला लागते. याच फिरकीनं ते बी स्वतःला जमिनीत रुतवतं. पहाटेच्या दवात तुमच्या मोज्यात शिरलं, तर तिथंही ते तेच काम करतं. म्हणून लोकरी किंवा जाड विणीचे मोजे नकोत. गुळगुळीत कापडाची पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि शक्य असेल तर पोटरीला गुंडाळायच्या पट्ट्या. सँडल घालून आलेल्याचं सगळं लक्ष सकाळभर पायांकडंच राहतं.

५. पोचायचं कधी

सूर्य उगवताना तुम्ही माळावर असायला हवं. डिसेंबर-जानेवारीत सातच्या सुमाराला, मे महिन्यात सहाच्या आतच. बार्शीकडं जाणारी एसटी नान्नजला थांबते, पण पहाटेच्या वेळेला तिचा भरवसा धरता येत नाही आणि गावापासून पुढं पायपीटही आहे. स्वतःची दुचाकी किंवा गाडी सोयीची. वाटेत गडबड करू नका; रातवा नावाचा निशाचर पक्षी अंधार असेपर्यंत कच्च्या रस्त्यावरच बसून असतो आणि दिव्याच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. तो दिसला की दिवा मंद करा, त्याला उठून जाऊ द्या.

सकाळी नऊ-साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून काळवीट पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. तेव्हा निघा. संध्याकाळी परवानगीची वेळ असेल, तर चारनंतर पुन्हा या.

६. माळावर चालायचं कसं

इथं सह्याद्रीतल्यासारखी चढाई नाही. पायवाटा आहेत, सौम्य उतार आहेत, टेहळणी मनोरा आहे. चाल एकूण तीन-चार किलोमीटरची झाली तरी भरपूर. अवघड आहे ते हळू चालणं.

वाट सोडायची नाही, हा पहिला नियम आणि त्याला कारण आहे. टिटवी, धाविक, चंडोल, पखुर्डी, रातवा, या सगळ्यांची घरटी जमिनीवर असतात. घरटं तरी कसलं, मुरमात केलेला उथळ खळगा आणि त्यात मुरमाच्याच रंगाची अंडी. पायाखाली आली तरी कळत नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली, तर ती तुम्हाला सांगते आहे की तुम्ही अंड्यांपाशी आलात. फोटोसाठी शोधाशोध करू नका. आल्या पावली मागं फिरा. पाच मिनिटं जरी पक्षीण उन्हात अंड्यांवरून उठून राहिली, तरी एप्रिलच्या सकाळी ती अंडी भाजून निघतात.

दुसरं, काळवीट नाकापेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबतो. कळपाच्या दिशेनं सरळ चालत गेलात, तर तो तुम्हाला शिकारीच समजणार. तिरकं चाला, मधे थांबा, दुसरीकडं बघत असल्यासारखे उभे राहा. चरणाऱ्या माद्यांपैकी एकीनं मान ताठ करून तुमच्याकडं रोखून बघितलं, की तुमची हद्द तिथं संपली. तिथंच खाली बसा. वीस-पंचवीस मिनिटं हललात नाही, तर कळप पुन्हा चरायला लागतो आणि कधी कधी तुमच्याच बाजूला सरकतो. बसण्याआधी जमीन बघून घ्या. या भागात फुरसं आहे. ते अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करतं. नाग, घोणसही आहेत. दगड उचलू नका, बोरीच्या जाळीत हात घालू नका. चावलंच, तर पट्टी आवळणं, चिरा देणं, देवाला नेणं, काही नको. दंशाचा भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि सोलापूरचं सरकारी रुग्णालय गाठा.

बोलणं कुजबुजत, मोबाइल मुका. पक्ष्यांचे आवाज स्पीकरवर वाजवून त्यांना जवळ बोलावण्याची एक वाईट खोड हल्ली पसरली आहे. विणीच्या काळात त्यानं नर घरटं सोडून भांडायला येतो. ड्रोनचं तर नावच काढू नका. काडेपेटी, सिगारेट गाडीतच ठेवा. वाळलेल्या माळाला एक ठिणगी पुरते आणि अभयारण्यात आग लावणं कलम ३० नुसार गुन्हा आहे.

७. काय बघाल आणि कसं ओळखाल

काळवीट पहिल्याच सकाळी दिसेल. पिळाची शिंगं आणि काळा-पांढरा डगला फक्त वयात आलेल्या नराचा. माद्या आणि तरुण नर तांबूस-पिवळे. मादीला शिंगं नसतात. ज्या मादीला बारीक सरळ शिंगं वाटतात ती बहुधा चिंकारा असते, इथं ती विरळाच. वाटेत एका जागी साचलेला लेंड्यांचा ढीग दिसला, तर वाकून बघा. खालच्या लेंड्या पांढुरक्या, उन्हानं भुगा होत आलेल्या. वरच्या काळ्या, ओलसर, चकाकणाऱ्या. हा नराच्या हद्दीचा दगड. तो रोज त्याच जागी येऊन हद्द पुन्हा नोंदवतो. वरची लेंडी ताजी असेल, तर मालक आसपासच आहे.

लांडगा दिसणं नशिबाचं. पण दिसला, तर कुत्रा म्हणून सोडून देऊ नका. लांब पाय, खांद्यांच्या पातळीत पुढं काढलेलं डोकं, खाली सोडलेली शेपूट आणि न थांबता एका लयीत जाणारी चाल. गावठी कुत्र्याची शेपूट बहुधा वर वळलेली असते. कोल्हा लांडग्यापेक्षा बराच लहान. खोकड त्याहून लहान, मोठे कान, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. खोकड सकाळच्या कोवळ्या उन्हात बिळाच्या तोंडाशी बसलेला असतो. बीळ सापडलं तर लांबूनच बघा आणि कुणाला जागा सांगू नका.

लांडग्याची बातमी धनगरांकडं असते. मेंढरांचा वाडा दिसला, तर आधी रामराम करा, मग कळपातली कुत्री शांत होऊ द्या, मग विचारा. लक्षात ठेवा, ज्या जनावरासाठी आपण पहाटे उठून आलो, त्यानं या माणसाचं कोकरू नेलेलं असतं. भरपाईसाठी पंचनामा करून घ्यायला त्याला किती खेटे पडतात, तेही ऐकून घ्या. पिढ्यान् पिढ्या हे लोक लांडग्याला कोकरू देत आले आणि तरी लांडगा टिकला, याचं मला फार मोल वाटतं.

पक्ष्यांत सुरुवात धाविकापासून करा. तांबूस अंग, डोळ्यातून जाणारी काळी-पांढरी पट्टी. चार पावलं धावतो, थबकतो, किडा टिपतो, पुन्हा धावतो. थांबला की मातीत विरघळतो; म्हणून नजर हालचालीवर ठेवा. डोंबारी नावाचा इवलासा पक्षी सरळ वर चढतो आणि पंख मिटून खाली झेपावतो, पुन्हा वर. पखुर्डी सूर्य चढल्यावर दोन-तीन तासांनी थव्यानं पाणवठ्याकडं जातात. पिल्लं असतील तर नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि पिल्लं त्यातलं पाणी चोखतात. हवेत एका जागी फडफडत उभा राहतो तो खरुची किंवा कापशी घार. पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची ती कापशी. हिवाळ्याच्या संध्याकाळी भोवत्ये उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्कामाला उतरतात. दिवसभर नाकतोडे खाऊन शेतकऱ्यांचं कामच ते करतात. मुक्कामाच्या जागेत मात्र कुणीही पाय ठेवू नये.

गवतंही बघा. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी. प्रत्येकाचा तुरा वेगळा. एखादं ओळखायला आलं, की माळ सपाट आणि एकसारखा दिसायचा थांबतो.

८. इथं लोक हमखास चुकतात

गाडीतून लगेच उतरणं. गाडी हेच उत्तम लपण आहे. काचा खाली, इंजिन बंद, दहा मिनिटं बसा. दार आपटल्याचा आवाज माळभर जातो.

मोठ्या गटानं येणं. पाच-सहा जणांच्या वर नको.

जागेचा ठावठिकाणा फोटोसोबत टाकणं. लांडग्याची गुहा, खोकडाचं बीळ, घरटं, यांचं ठिकाण टाकलं की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते.

आणि माळावर झाडं लावायला येणं. हे मनापासून सांगतो. पावसाळा आला की उत्साही मंडळी रोपं घेऊन "उजाड" माळ हिरवा करायला निघतात. माळ उजाड नसतो. कमी पाऊस, उथळ मुरूम आणि गवत यांची ती जुनी घडी आहे. काही भागांत एकेकाळी गिरीपुष्पासारखी झाडं लावली गेली आणि मोकळं क्षितिज लागणाऱ्या पक्ष्यांची तिथं अडचणच झाली. झाडं लावायची हौस असेल, तर शहरातल्या रस्त्याकडेला लावा, तिथं सोलापूरकरांना सावली हवीच आहे.

९. परत आल्यावर

त्याच दिवशी वहीतल्या नोंदी पक्क्या करा: तारीख, वेळ, जागा, काय, किती. ईबर्डवर यादी टाकता येते; नाजूक पक्ष्यांची जागा ते ॲप स्वतःच झाकतं. जखमी प्राणी, आग, फास किंवा शिकारीचा संशय, काहीही दिसलं तर स्वतः हात न घालता चौकीवर कळवा किंवा १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरी खेप तीन आठवड्यांनी त्याच वाटेनं करा. मग तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव, तिथं हिवाळ्यात बदकं असतात. त्यानंतर अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य, काळविटांसाठी १९८० मध्ये राखलेलं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. आणि इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी, जिथं वनखात्यानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तिथं लांडगा दिसण्याची आशा नान्नजपेक्षा जास्त, पण बुकिंग आधी करावं लागतं.